एका हाताचे सदतीस अर्ज

त्या सदतीस अर्जांवरचं अक्षर माझं होतं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही आणि ज्यांच्या कचेरीत उमेदीची सगळी वर्षं काढली त्या मॅडमनाही नाही. संपादकांनी मला फोन केला तो वेगळ्याच लेखासाठी. "पुणेकर बागेबद्दल काय काय लिहून पाठवतात, त्यावर गमतीदार काहीतरी द्या. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं," असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं, चार पानं गमती लिहिल्याही. पाचव्या पानावर हात अडला, कारण त्याच गठ्ठ्यात ते सदतीस अर्ज होते. म्हणून ती चार पानं बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून लिहितो आहे. गमतीही येतील, पण मागेपुढे होतील. या प्रकरणाचा क्रम माझ्या डोक्यातच कधी नीट लागलेला नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण आमचा धंदा काय हे माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही अजून समजलेलं नाही.

एखादी जुनी बाग नव्याने आखायची ठरली की हल्ली थेट कुदळ मारत नाहीत, आधी लोकांना विचारतात. हे विचारायचं काम ज्या खाजगी कचेऱ्यांना मिळतं, त्यांतल्या एकीत मी होतो. मॅडम आर्किटेक्ट. मी कुणीच नव्हे, नुसतं अक्षर चांगलं. खरंच, मला घेतलं ते अक्षरावरच. सभेत लोक बोलतील ते भिंतीवरच्या मोठ्या कागदावर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, हे माझं पहिलं काम. आपलं बोलणं भिंतीवर चढलेलं दिसलं की चिडलेला माणूसही निम्मा शांत होतो, हे मी शंभरदा पाहिलं आहे.

दुसरं काम अर्जांचं. 'या बागेत काय असावे, काय नसावे' असे अर्ज छापायचे, बागेच्या दारात पेटी ठेवायची, आलेला प्रत्येक अर्ज वाचायचा, त्याला क्रमांक द्यायचा, विषयवार गठ्ठे करायचे आणि शेवटी गोषवारा लिहायचा. गोषवारा म्हणजे तीन पानी पत्राचं एक वाक्य. निर्णय घेणारी माणसं पत्रं वाचत नाहीत, गोषवारा वाचतात. बागेचं भवितव्य नागरिक ठरवणार, असं आम्ही फलकावर लिहायचो. ते बरंचसं गोषवारा लिहिणारा ठरवतो, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याची थोडी मिजासही होती.

बागेचं नाव लिहीत नाही. शहराच्या दक्षिण अंगाची, मार्केट यार्डापासून पायी दहा मिनिटांवरची. चिंचेची जुनी झाडं, पायऱ्यांची विहीर आणि मधोमध इंग्रजांनी बांधलेला बँडस्टँड. पुढचं दार कमानीचं, मोठ्या रस्त्यावर. मागचं दार म्हणजे दगडी भिंतीतलं एक लोखंडी फाटक, जेमतेम एक माणूस जाईल एवढं. आत शिरताच एक नळ, पलीकडे बायकांची मोरी, मग चिंचा. आपल्याकडच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात हे तुम्हाला माहीतच आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी उघडायच्या, अकराला कुलूप, पुन्हा चारला उघडायच्या. या बागेचंही तसंच होतं. मी बिबवेवाडीला राहतो, त्यामुळे जातायेता ही बाग रोजच्या वाटेवरची. मॅडमनी ते काम मला दिलं तेव्हा मी खूश झालो होतो.

अर्ज आले ते मात्र चक्रावून टाकणारे. एकाने लिहिलं होतं, "सूचना : कृपया सूचना मागवू नयेत." खाली सही, हुद्दा, त्यापुढे 'निवृत्त'. याचा गोषवारा काय लिहायचा? 'सूचना नाही' म्हणावं तर सूचना आहे, 'आहे' म्हणावं तर त्यांचा अपमान. मी पूर्ण दिवस त्यात घालवला. एका आजोबांनी कळवलं की पाळण्यांना तेल घालू नये, पाळणे कुरकुरले की नातवंडं बागेतच आहेत हे त्यांना घरबसल्या समजतं. हास्यक्लबाविरुद्ध नऊ तक्रारी होत्या, त्यांतल्या एकीत 'सभासदांनी हसावे, परंतु मनात' अशी तडजोड सुचवली होती.

एकाच पत्त्यावरून दोन अर्ज आले, नवऱ्याचा आणि बायकोचा. आमची पहिली भेट ज्या बाकावर झाली तो बाक हलवू नये, असं दोघांचं म्हणणं. नवऱ्याने लिहिलं होतं विहिरीजवळचा, बायकोने बँडस्टँडसमोरचा. मला वाटलं, खात्री करून घ्यावी. फोन केला तर दोघंही बागेत आले.

"अहो, हाच," काका म्हणाले. "समोर विहीर होती. मी तुला म्हटलं नाही का, किती खोल असेल?"

"ते माझ्या मावसबहिणीला म्हणाला असाल," काकू म्हणाल्या. "मला तुम्ही पहिल्या दिवशी काहीच म्हणाला नाहीत. बँड वाजत होता. ऐकू आलं नसतं."

मी दोन्ही बाक ठेवायची शिफारस केली. ती मान्यही झाली.

हे सगळं मजेचं वाटतं, पण त्या दिवसांत माझा गोंधळ वाढत चालला होता. लोकांना काय हवं आहे हे विचारावं तितकं कमी समजे. सावली हवी, पण पानगळ नको. बाग सगळ्यांसाठी हवी, पण गर्दी नको. आणि एका मुद्द्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचं एकमत होतं, मागचं फाटक बंद करावं. दुपारी बाग बंद असताना तिथून 'लोक शिरतात'. कोण लोक, ते कुणीच लिहिलं नव्हतं. मॅडमच्या आराखड्यातही तिथे सलग दगडी भिंत दाखवली होती. नकाशावर ती छान दिसायची.

आता दोन नियम सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. खरं तर माझ्यामुळे झालं, पण नियमांमधून झालं.

पहिला नियम, आपण पेन धरायचा नाही. कचेरीतल्या माणसाने नागरिकाचा अर्ज लिहून द्यायचा नाही. लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे बघून माणूस बोलतो, मग अर्ज त्याचा राहत नाही. हा नियम मॅडमचा, आणि नव्या मुलामुलींना तो मी शिकवायचो.

दुसरा नियम माझा. त्याआधीच्या एका बागेच्या वेळी तिथल्या एका भाऊंनी व्यायामशाळेच्या मागणीचे अर्ज गठ्ठ्याने पाठवले होते, सगळे एका हाताचे, निम्मी नावं मतदारयादीतून उचललेली. तेव्हा मी मॅडमना सुचवलं की एका हस्ताक्षरातले सगळे अर्ज मिळून एक धरायचे. मॅडमना ते पटलं. आमच्या छापील कार्यपद्धतीत तो नियम गेला, आणि तो आपला असल्याचं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

आणखी एक अट होती. ज्या मुद्द्यावर पंचवीस किंवा जास्त अर्ज येतील, तो मुद्दा जाहीर सभेपुढे मांडायचा. त्याखालचे मुद्दे गोषवाऱ्यात एकेक ओळ होऊन पडायचे.

एप्रिलमधली गोष्ट. आराखड्याबरोबर बागेच्या वापराचा तक्ता जोडायचा होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुपारच्या रकान्यात 'वापर नाही' लिहायचं होतं. बाग बंदच असते, तर दुसरं काय लिहिणार? तरी म्हटलं एकदा बघून यावं. साडेबारा-एकच्या सुमाराला मागच्या फाटकाने आत गेलो. कडी नुसती अडकवलेली होती.

"बाग बंद हाय, दादा," कुणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच बायका एकदम हसल्या.

चिंचेखाली पस्तीसचाळीस बायका बसल्या होत्या. काही जेवत होत्या, काही पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या होत्या. एक नळावर पाय धूत होती. सगळीकडे कांद्याचा वास. "बाग बंद हाय" म्हणणारीचं नाव सुभद्राबाई. पन्नाशीच्या असतील. मार्केट यार्डात कांदाबटाटा निवडायचं काम करायच्या, त्या आणि बाकी सगळ्याही.

"मोजायला आलाव का?" माझ्या हातातली फाईल बघून त्यांनी विचारलं.

"तसंच काहीतरी. तुम्ही रोज येता?"

"पाचला निवडाय बसतो. बाराला उठायचं. दोनला दुसरी गाडी लागती. घरी जाऊन यायचं म्हनलं तर बस मिळंस्तवर दोन वाजत्यात. मग हितं येतो. वाचमन काय म्हनत न्हाय. घाण करत न्हाय आमी."

"यार्डात बसायला...?"

"हाय की. पन गाड्या, हमाल, समदी गडीमानसं." शेजारची तरणी बाई खाली बघत म्हणाली, "मोरीला जायाचं असतंय, दादा. हितं कुनी बघत न्हाय."

मी त्यांना आराखडा सांगितला. हे फाटक जाणार, इथे भिंत होणार. हेही सांगितलं की हरकत असेल तर अर्ज करता येतो, पुढच्या दारात पेटी आहे. त्यांच्यातली एकही पुढच्या दारापर्यंत कधी गेलेली नव्हती.

"कुणाकडून तरी लिहून घ्या," मी म्हटलं.

"कुनाकडनं?" सुभद्राबाईंनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. "तुमच्या खिशाला तीन पेनं हायेत की."

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं, की हो म्हटलं तेच बरोबर होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फाईलमध्ये कोऱ्या अर्जांचा गठ्ठा होता. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो आणि लिहायला लागलो.

प्रत्येकीचं वेगळं लिहिलं, जसं सांगितलं तसं. "लिवा, आमी झाडाचं पान बी तोडत न्हाय." "लिवा, मला गुडघ्याचं दुखनं हाय, पुढच्या दारानं लई लांब पडतं." एक म्हणाली, "मला काय मागायचं न्हाय, नुसतं नाव लिवा." एकीने नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा घातला, त्यावर इतकं हसणं झालं की पहारेकरी बघायला आला. सह्या चौघींनाच येत होत्या. शाईचा पॅड नव्हता, म्हणून पेनची शाई अंगठ्याला फासून ठसे घेतले. कांद्याच्या टरफलांनी तासलेले अंगठे, ठसे कसले उमटतात, शाईचे डाग नुसते.

सुभद्राबाई शेवटी आल्या. म्हणाल्या, "लिवा. आमाला फाटक द्या म्हनत न्हाय. हाय ते काढू नगा."

मी ते तसंच लिहून घेतलं. माझ्या अख्ख्या नोकरीत इतका नेमका गोषवारा मला कधी साधला नव्हता.

आता न लपवता सांगायचं ते हे. दहाबारा अर्ज झाल्यावर माझं अक्षर उजवीकडे झुकायला लागलं. हात दुखत होता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण पंचविसाच्या पुढे मी काळा पेन ठेवून निळा काढला, त्याला हातदुखी हे कारण पुरत नाही. म्हणजे लिहितानाच मला माझा नियम आठवत होता. मग तेव्हाच का थांबलो नाही? किंवा दुसऱ्या दिवशी मॅडमना जाऊन सरळ का सांगितलं नाही? त्या रागावल्या असत्या, फार तर चार दिवस बोलल्या नसत्या. माणूस म्हणून चांगल्याच होत्या. मी ते अर्ज जाताना पुढच्या दारातल्या पेटीत टाकले. सदतीस.

पंधरा दिवसांनी छाननीची बैठक झाली. छाननीला नागरिकांचेच प्रतिनिधी बसवायचे, अशी आमची पद्धत. त्या बैठकीत मॅडम होत्या, मी होतो आणि दोन प्रतिनिधी. एक आपटे सर, शाळेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी सहाला बागेत चार फेऱ्या मारणारे. आमचा छापील अर्ज त्यांनी पहिल्याच दिवशी लाल शाईने तपासून परत दिला होता, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारून. दुसरी ऋचा, हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला असलेली मुलगी, शनिवारची सुट्टी मोडून यायची.

गठ्ठा टेबलावर ठेवताच सरांनी नाक वर केलं.

"कांद्याचा वास कुठून येतोय? मॅडम, भजी सांगितलीत की काय?"

सगळे हसले. मीही हसलो.

सरांनी चष्मा चढवला, पाचसहा अर्ज शेजारी शेजारी मांडले, मग आणखी पाचसहा. मग एका अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "हा ळ बघा. नळ, वेळ, सगळीकडे. गाठ मारून शेपूट वर घेतलंय. आता हा. आता हा. तिरकं लिहून लपवायचा प्रयत्न केलाय, पण ळ सुटला हातातून. एकच मास्तर आणि सदतीस पोरं."

"आणि हे डाग?" मॅडमनी विचारलं.

"अंगठे म्हणायचे असतील. एकाच अंगठ्याचे की काय, देव जाणे."

ऋचा अर्ज वाचत होती. म्हणाली, "पण सर, मजकूर सगळा वेगळा आहे. ही बघा, गुडघ्याचं लिहिलंय. कॉपी-पेस्ट नाहीये हे. जेन्युइन वाटतंय मला."

"कल्पनाशक्ती असते लोकांना," सर म्हणाले. "मागे त्या व्यायामशाळेवाल्या भाऊंनाही होती, असं तुम्हीच सांगितलंत ना, सातपुते?"

"सातपुते, नियम काय आहे आपला?" मॅडमनी विचारलं.

मी नियम वाचून दाखवला. छापलेलाच होता.

"मग जाऊन विचारू या ना त्यांना," ऋचा म्हणाली. "नावं आहेत, मार्केट यार्ड लिहिलंय. सिंपल आहे. सोमवारी मी हाफ डे टाकते."

आणि तेव्हा मी बोललो. त्या बैठकीत कुणी न विचारता मी बोललो ते एवढंच. "अहो, मार्केट यार्डात नुसत्या नावावरून बाई शोधणार कुठे? माणसं रोज बदलतात तिथली."

सोमवारी साडेबाराला त्या सगळ्या चिंचेखाली असणार होत्या. ते त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी एकट्या मला माहीत होतं.

ऋचाने खांदे उडवले. सदतीसचे एक झाले. गोषवाऱ्यात मी लिहिलं, 'मागील फाटक ठेवावे, अशी एक सूचना.' वापराच्या तक्त्यात दुपारच्या रकान्यात 'वापर नाही' लिहिलं. ते लिहिताना हात अडखळला का, असं कुणी विचारेल. नाही अडखळला. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

जाहीर सभेला फाटकाचा मुद्दा आलाच नाही. हास्यक्लबावर मात्र तासभर चर्चा झाली आणि मी ती भिंतीवर लिहिली. सभा संपल्यावर खुर्च्या आवरत असताना आपटे सर त्या भिंतीपुढे उभे होते. बराच वेळ वाचत होते. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "सातपुते, ळ सुरेख काढता हो तुम्ही."

मी मार्करना झाकणं लावायला लागलो.

"चाळीस वर्षं वह्या तपासल्या मी," सर म्हणाले. "शिक्षेचे निबंध पोरं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. सगळं अक्षर बदलता येतं, पण एखादं असतंच, ते बदलत नाही." मग घड्याळात बघितलं. "चला. माझी बस जाईल."

त्यांना समजलं होतं का? समजलं असेल तर ते बोलले का नाहीत? फाटक बंद व्हावं ही त्यांचीही इच्छा होती, म्हणून? की मी होऊन सांगेन याची वाट बघत होते, मास्तर बघतात तशी? की खरोखरच नुसतं अक्षराचं कौतुक होतं? मी या तीनही उत्तरांवर आळीपाळीने विश्वास ठेवला आहे. सरांच्या शोकसभेला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने विचारलं, "बाबांची तुमची ओळख कशी?" मी म्हटलं, "बागेतली. मी सातपुते." तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "बाबा एका सातपुत्यांबद्दल काहीतरी म्हणायचे खरं." काय म्हणायचे, ते त्याला आठवेना. मला विचारायचं धाडस झालं नाही.

पावसाळ्याआधी फाटक काढलं. भिंत बांधणारे गवंडी पट्टीचे होते, जुन्या भिंतीच्या घडणीला घडण जुळवून दगड बसवले. आज मला स्वतःलाही फाटकाची जागा नक्की दाखवता येत नाही. दोनतीनदा हात फिरवून पाहिलं आहे. बाग फार देखणी झाली. विहिरीतला गाळ काढला, बँडस्टँड रंगवला, दोन्ही बाक जागच्या जागी आहेत आणि पाळणे अजून कुरकुरतात. त्या कामाचा गोषवारा नमुना म्हणून नव्या मुलांना दाखवला जायचा. मीच दाखवायचो.

पहिले काही दिवस त्या बायका भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, सावलीच्या कडेने बसत असत, असं पहारेकऱ्याने सांगितलं. नंतर दिसेनाशा झाल्या. मी दुपारचा त्या बाजूला जात नसे. बिबवेवाडीला जायला दुसरा रस्ता आहे, थोडा लांबचा, पण आहे. मॅडमनी वयोमानाने कचेरी बंद केली, मी दुसरीकडे लागलो, तरी रस्ता तोच ठेवला.

गेल्या दिवाळीच्या आधी बायकोने कांदे आणायला सांगितलं. मार्केट यार्डाच्या दाराशी बाहेर वाटे लावून काहीजणी बसतात. तिथे वाकून कांदे बघत होतो तर आवाज आला, "पेनवाले दादा न्हवं का?"

सुभद्राबाई. केस पिकलेले, समोरचे दोन दात गेलेले. निवडायचं काम आता जमत नाही, म्हणून वाटे घेऊन बसतात. माझी विचारपूस केली, मुलं किती, काय करतात. मी उत्तरं देत होतो आणि आता विचारतील, आता विचारतील, म्हणून उगाच कांदे चाचपत होतो. मला वाटलं, म्हणतील की तुम्ही दुसरंच काहीतरी लिहिलंत, नाहीतर फाडून टाकलंत. काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागलो. त्यांनी फाटकाचा विषय काढला तो आपणहून, कांद्याची माती झटकत.

"बाया तुमाला नावं ठेवत व्हत्या. मी म्हनलं, न्हाय गं, त्या दादानी उन्हातान्हात बसून समद्यांचं लिवलं, त्येंचा काय दोष. आपल्यालाच नीट सांगता आलं न्हाय. शिकल्याली मानसं बोलत्यात तसं सांगाय पायजे व्हतं. मी तर काय सांगितलं ते बी ध्यानात न्हाय आता."

माझ्या ध्यानात होतं. शब्दन् शब्द होता.

"मावशी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं.

"किती देऊ?" त्यांनी विचारलं.

"दोन किलो," मी म्हटलं.

त्यांनी निवडून दिले. एकही नासका निघाला नाही.

हा अंक सुभद्राबाईंपर्यंत पोचणार नाही, आणि पोचला तरी त्यांना वाचता येत नाही. म्हणजे हे लिहून मी पुन्हा तेच केलं आहे, चांगल्या अक्षरात लिहून कागद पेटीत टाकला आहे. फाटक आता मी परत आणू शकत नाही. सरांना काय कळलं होतं, ते आता मला कळायचं नाही. त्या टेबलाशी मी तसा का वागलो, तेही बहुधा नाहीच. एक गोष्ट मात्र मला पक्की ठाऊक आहे. सुभद्राबाईंनी नीट सांगितलं होतं, त्या बागेबद्दल जे जे कुणी बोललं त्या सगळ्यांत नीट. हे मार्केट यार्डाच्या दाराशी त्यांच्यासमोर बसून, तोंडाने सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.